भांगाच्या दिवशीची पाहणी

पाहणीची तारीख मीच ठरवली, त्यामुळे शिव्या घालायला दुसरं कुणी सापडत नाही. चारकोपच्या सेक्टरांमागे, तिवरांच्या कडेला एका मोकळ्या जागेवर टॉवर उठायचे होते. त्याआधी ती जागा पाणथळ आहे की नाही, ते आमच्या कंपनीने सांगायचं होतं. मी वार बघितला, गाडी मोकळी आहे का तेही बघितलं. तिथी तेवढी बघितली नाही. अष्टमी निघाली, म्हणजे कमी भरतीचा, भांगाचा दिवस. आजोबा मालवणचे, उधाण, भांग हे शब्द लहानपणापासून कानांवरचे. तरी अक्कल गहाण टाकली.

भांगाला भरती वरपर्यंत चढतच नाही. जमीन ठणठणीत कोरडी, वर मिठाची पांढरी पापडी. 'पाणी आढळले नाही' असं मी तक्त्यात लिहिलं आणि सही केली. खाली खाडीच्या चिखलात एक कोळीण मावशी निवट्या, चिखलातले छोटे मासे, पकडत होती. ती हसली.

"आज भांग हाय, बाय. पानी कुठून चढनार? अवसेला ये. पानी उतरलं की हितंच निवट्या गावतात. माझं घर त्याच्यावर चालतं."

म्हणून अमावस्येला भर दुपारी एकटीच गेले. त्याच जागी गुडघाभर पाण्यात उभी राहिले, फोटो काढले. मावशी बांधावर बसून बघत होती.

फोटो घेऊन साहेबांकडे गेले. म्हटलं, अमावस्येला पुन्हा पाहणी करायला हवी.

"अगं, सरकारी अहवालात अमावस्या लिहितेस? उद्या भगत बोलावशील!" ते खो खो हसले. "पाहणी झाली ना? सही झाली ना? मग विषय संपला."

मी दोन पत्रं लिहिली, भांडले, एकदा तर फाईल टेबलावर आपटली. पालथ्या घड्यावर पाणी. राजीनामा मात्र दिला नाही. याचाच राग अजून जात नाही.

जनसुनावणीला मावशी धुतलेलं लुगडं नेसून आली होती. अधिकाऱ्यांनी अहवालातलं वाक्य वाचलं तशी ती ताडकन उठली. "खोटं हाय! अवसेला त्या जागंवर गुडघाभर पानी येतं. ही बाय सोता त्या पान्यात उभी व्हती. इचारा तिला!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. साहेब शेजारीच बसले होते.

"मॅडम, ही सही तुमचीच?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो."

"यात लिहिलेलं काही खोटं आहे?"

एक अक्षरही खोटं नव्हतं. त्या दिवशी पाणी खरंच नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

मी 'पण' म्हणेपर्यंत त्यांनी पुढचं नाव पुकारलं होतं. मावशी खाली बसली. सुनावणी संपेपर्यंत तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.