गाडी ओढत नाही

आमच्या दोघांत लग्नानंतर एक करार झाला होता. नोकरी आहे तोवर माझ्या गावी राहायचं, नोकरी संपली की तिच्या. माझं गाव सांगोल्याकडचं, बायकोचं माहेर वेल्ह्याच्या वर पासलीला. तेव्हा निवृत्ती इतकी लांब दिसत होती की मी उदार मनानं हो म्हणून टाकलं. गणिताचा मास्तर असूनही एवढा साधा हिशेब मला जमला नाही. शाळेतल्या निरोपाचे हार सुकले नव्हते तोवर बायकोनं ट्रंका बाहेर काढल्या. सामान टेम्पोतून पुढं गेलं. मी मात्र अडून बसलो, येईन तर माझ्या गाडीतूनच येईन.

गाडी वडिलांनी घेतलेली. गोल दिव्यांची, साईच्या रंगाची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच. आता असल्या गाड्या लग्नाच्या फोटोंपुरत्या उरल्यात. आमच्याकडं तिला जपायचं ते फक्त उन्हापासून. लिंबाखाली लावायची, फडक्यानं धूळ झटकायची, संपलं. पत्र्याला गंज म्हणून ठाऊक नव्हता. दार उघडलं की तापलेलं रेक्झिन, धूळ आणि पेट्रोल असा मिळून एक वास यायचा. तो आला की मला घरी आल्यासारखं वाटायचं.

नसरापूर सोडलं आणि बायकोची भाषा बदलली. इतकी वर्षं माझ्या आईच्या वळणानं बोलणारी ही बाई काच खाली करून म्हणाली, "आवो, वाईच हळू घ्या की, तोरणा दिसाया लागला." वेल्ह्याच्या बाजारात तिनं गाडी थांबवायला लावली आणि रस्त्यापलीकडच्या दोन बायकांना नावानं हाका मारल्या. पासलीच्या चढावर इंजिन तापलं. मी बॉनेट उघडून शिव्या देत उभा, आणि ही रस्त्याकडेला बसून करवंदं खातेय. तिचा चेहरा बघून मला बरं वाटलं. हेवाही वाटला, उगाच कशाला लपवू.

मेव्हण्याच्या घराला लागूनच आम्हाला दोन खोल्या होत्या. गाडीला आडोसा नव्हता. मेव्हणा म्हणाला, "दाजी, गोठ्यात बांधा की. म्हस इकल्यापास्नं जागा मोकळीच हाय." गाडी बांधायची म्हटल्यावर मी हसलो, पण बांधली.

मग पाऊस लागला तो लागलाच. कपडे चुलीवर वाळवायचे, बरणीतल्या मिठाचं पाणी व्हायचं, काड्यापेटी उशाखाली ठेवायची. बायको या सगळ्यात अशी वावरायची की जणू कोणी तिचं वय काढून घेतलंय. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन मेव्हण्याच्या बायकोबरोबर, म्हणजे वहिनींबरोबर, भाताच्या लावणीला जायची, गुडघाभर चिखलात उतरायची, संध्याकाळी पाय शेकत गाणी म्हणायची. मी रोज गोठ्यात जाऊन गाडीचं दार उघडायचो. सीटवर हिरवट बुरशी धरली होती. कुलपात किल्ली फिरेना. चोक ओढून ओढून मनगट दुखलं.

सांगोल्याहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन यायचा. त्याची डाळिंबाची बाग आहे. "सर, हितं पावसानं लई ओढ दिलीया. तुमच्याकडं हाय का?" आहे म्हणायचीसुद्धा मला लाज वाटायची. त्या सुक्या मातीबद्दल मी खोदून खोदून विचारत राहायचो. ओढ दिली ती पावसानं, आणि लागली मला. फोन ठेवताना तो न चुकता म्हणायचा, "सर, गाडी मला द्या. हितं कोरड्यात चांगली टिकंल."

मी विषय बदलायचो. गाडी दारात आहे तोवर मी इथं राहायला आलेलो नाही, नुसता आलोय, अशी मी मनाची समजूत घातली होती. वाटेल तेव्हा किल्ली फिरवावी आणि निघावं. गाडी गेली की मी पासलीचा झालो. हे मी बायकोशी कधी बोललो नाही. तिला कळत नसेल, असं मात्र तिला ओळखणारा कोणी म्हणणार नाही.

आषाढात एका नातेवाइकाच्या दहाव्याला मी गावाकडं गेलो. जाताना वहिनींना म्हणालो, "गाडीकडं जरा लक्ष ठेवा. ओलीनं आतून खराब होतेय." परत येऊन दार उघडलं तर आतलं पांढरं छत चहाच्या रंगाचं झालेलं. वहिनींनी रोज संध्याकाळी गोवऱ्या आणि भाताचं तूस पेटवून, चारी दारं उघडी टाकून, गाडीला धुरी दिली होती.

"वहिनी, ही काय म्हैस आहे का?" मी ओरडलोच.

"म्हशीपरीस जादा जपली, दाजी. गारठ्यात जनावराला करतो त्येच केलं. आता बगा, बुरशी हाय का कुठं?"

बुरशी खरंच नव्हती. पण मी आत बसलो, काचा वर केल्या आणि नाक भरून वास घेतला, तर गोठ्यातल्या धुराशिवाय काही येईना. वडिलांचं, माझ्या गावचं, उन्हाळ्याचं जे काही त्यात होतं ते गेलं. वहिनींवर राग धरण्यात अर्थ नव्हता. बायको गोठ्याच्या दारापर्यंत आली आणि मला आत बसलेलं बघून परत गेली.

भातं कापून झाल्यावर आम्ही दोघं वेल्ह्याला बाजाराला निघालो. वाटेतला साधा चढ, पण गाडी धापा टाकत थांबली. ढकलत, उतारावर सोडत कशीबशी गॅरेजपर्यंत आणली. मिस्त्री खाली वाकून बघून म्हणाला, "ओढत न्हाई म्हंजे, ते व्हईल दुरुस्त. पन पत्रा खालनं खाल्लाय. हितं आनखी एक पावसाळा काढायची न्हाई ही."

बायको म्हणाली, "मग जिथली तिथं पोचवून या तिला."

ती गाडीबद्दलच बोलत होती का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

दुरुस्ती होऊन गाडी आली आणि मी एकटाच निघालो. पिशवी तिनंच भरून डिकीत ठेवली, भाकरी हातात दिली. नीरा ओलांडली, लोणंद मागं पडलं, तशी हवा सुकी व्हायला लागली. मी चारी काचा खाली केल्या. गाडी घराकडं तोंड केलेल्या बैलासारखी पळत होती, ॲक्सिलरेटरवर पाय नुसता ठेवायचा. फलटणच्या पुढं माळ उघडा पडला आणि मी मोठ्यानं हसत सुटलो. शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्यानं वळून पाहिलं.

विद्यार्थ्याच्या शेतावर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. ज्वारी गुडघ्याला आली होती. मी त्याच्या हातात किल्ली दिली. गाडीवरून हात फिरवत तो म्हणाला, "सर, तुमीबी ऱ्हावा की हितंच. बागंतली खोली मोकळी हाय."

त्या वाऱ्यात उभा राहून नाही म्हणवत नव्हतं. हो म्हणायला तोंड उघडेल अशी भीती वाटली म्हणून हातपाय धुण्याचं निमित्त करून खोलीत आलो. टॉवेल काढायला पिशवी उघडली. दोन दिवसांसाठी दोन शर्ट पुरले असते. आत माझे सगळेच शर्ट होते, धुऊन घड्या घातलेले. दोन्ही स्वेटर. दाढीचं सामान. रक्तदाबाच्या गोळ्यांची अख्खी खोकी. चष्म्याची जुनी जोडीसुद्धा.

मी तिथूनच फोन लावला. "एवढं सगळं कशाला भरलंस?"

"ऱ्हावंसं वाटलं तर अडाया नको म्हनून." आवाज अगदी सरळ होता. मग जरा थांबून तिनं विचारलं, "वाटतंय का?"

खोटं बोलवेना. "वाटतंय," मी म्हणालो. "लई वाटतंय. उद्या सकाळच्या एसटीनं निघतो."