गरुडाच्या कपाळावरचं कुंकू

मी नोकरी करते त्या पक्षी-उपचार केंद्रात एक गरुड आहे. कुणीतरी त्याचा पंख सांध्यातूनच कापला, त्यामुळे तो आता जन्मभर इथंच राहणार. काल केंद्र बघायला आलेल्या एका बाईंनी त्याला लावायला कुंकवाची डबी उघडली आणि त्या वासानं मला लहानपणीची औशाची जत्रा आठवली.

तिथं एका गरुडवाल्यानं टोपलीवर असाच गरुड बसवला होता, कपाळभर कुंकू फासलेला.

"आप्पा, ह्यो उडत का न्हाई?"

मला पुढं पदवीपर्यंत शिकवणारे माझे वडील दटावून म्हणाले, "देवाचं वाहन हाय त्ये. गप हात जोड."

मी जोडले. त्याच्या पंखावरची रक्ताळलेली चिंधी मला दिसत होती, दर्शनाला उभ्या सगळ्या रांगेला दिसत होती. आज त्या गरुडवाल्याइतकाच आमच्या जोडलेल्या हातांचा संताप येतो.

बाईंच्या डबीचं झाकण मीच लावलं. म्हटलं, "मावशी, कुंकू राहू द्या. आधी त्याचा पंख बघा."