निघोज्याच्या माळावरचं पिल्लू
वाळलं गवत जळाल्याचा वास आला की मला निघोज्याजवळच्या आमच्या कंपनीमागचा मोकळा प्लॉट आठवतो. नववीतून शाळा सोडून मी लातूरकडून आलो होतो आणि कधी कामावरून काढतील या धास्तीतच असायचो. त्या दुपारी साहेबांनी गवत पेटवायला पाठवलं. सोबत गावातलेच एक म्हातारे वॉचमन होते. ते म्हणाले, "काडी वडायच्या आधी आत चक्कर मार. कोण बसलंय ते बघावं लागतं." मी आत शिरलो. वाटेतला दगड उचलायला वाकलो, तर दगडाला डोळा होता. मुठीएवढं सशाचं पिल्लू, कान पाठीला चिकटवून बसलेलं. पळत नव्हतं, फक्त पाठीवरचे केस थरथरत होते. मी हात मागे घेतला आणि वॉचमनकाकांना खुणेनं बोलावलं. "मोशीपासून इथवर माळ व्हता, ससंच ससं. आता एवढाच तुकडा उरलाय," वॉचमनकाका पुटपुटले. तेवढ्यात साहेब ओरडत आले, "काय रे, पेटवायला मुहूर्त काढायचा का?" तरी मी बोललो, "साहेब, आत जीव आहे. मी विळ्यानं कापतो, त्याच्याभोवतीचं ठेवतो." साहेब वाकले आणि हेल्मेट काढून बघतच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "च्यायला, केवढुसं आहे राव! काप विळ्यानं. हात लावू नको त्याला." त्या प्लॉटवर आता शेड आहे. पण एवढ्या मोठ्या एमआयडीसीत त्या दिवशी त्या पिल्लाला आणि मला, दोघांनाही राहू दिलं, याचं मला अजून नवल वाटतं.