अकरा वर्षं तारेने बांधलेलं दार

मिलुंका रागीट बाई म्हणून गावभर माहीत होती, पण राग कशाचा, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं. मोरावा नदीकाठच्या त्या गावात कुलपांचा कारखाना होता तेव्हा तिने तिथे चोवीस वर्षं काढली. दिवसाला तीनेकशे कुलपं तिच्या बोटांखालून जात. पुढे कारखाना बंद पडला. "गाडीची दुरुस्ती हे बायकांचं काम नव्हे," असं नवरा रादोयको तेव्हाही म्हणायचा आणि अजूनही म्हणत होता.

त्यांची गाडी लहान, दोनच दारांची, तीस वर्षं जुनी. तिच्या उजव्या, म्हणजे तिकडे चालकाशेजारच्या, दाराचं लॉक धरेनासं झालं आणि वळणावर दार आपोआप उघडायला लागलं. रादोयकोने ते आतून तारेने सीटच्या पायाला बांधून टाकलं आणि म्हणाला, तात्पुरतं आहे. त्याला अकरा वर्षं झाली. मिलुंका नवऱ्याच्या दाराने आत शिरायची आणि गिअरच्या दांड्यावरून सरपटत आपल्या जागेवर जायची. लग्नकार्याला निघालं तरी तसंच, ठेवणीतला झगा सावरत.

यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाय धड वाकेना. आणि शनिवारी पितरांचा दिवस होता. आईची कबर माहेरच्या गावी, तिथे शनिवारी बस जात नसे. रादोयको म्हणाला, तू घरीच राहा, मी एकटा जाऊन मेणबत्ती लावून येतो.

इथे तिचं डोकं फिरलं. मागच्या वर्षी ती तापाने पडली होती म्हणून तो एकटाच गेला होता. चर्चमध्ये पाद्र्याला दोन चिठ्ठ्या द्यायच्या असतात, एक जिवंतांच्या नावांची, दुसरी गेलेल्यांची. रादोयकोने सासूला जिवंतांत घातलं आणि बायकोला गेलेल्यांत. पाद्र्याने भर चर्चमध्ये मिलुंकाच्या आत्म्याला शांती मागितली. संध्याकाळपर्यंत सांत्वनाचे चार फोन आले. चारही तिनेच घेतले.

"आईकडे मीच जाणार," ती म्हणाली. "दार दुरुस्त कर, नाहीतर मिस्त्री आण."

गुरुवारी झिवोता मिस्त्री आला. आधी कॉफी, मग रकिया या फळांच्या दारूचा पेला, मग काम, अशी रीत. पहिला पेला संपवून त्याने दारात डोकावून पाहिलं आणि तिकडचा प्रत्येक मिस्त्री सगळ्यात आधी विचारतो तेच विचारलं, हे कोणी करून ठेवलंय? रादोयको पेल्यात बघत बसला. तिसऱ्या पेल्याला निकाल लागला. अख्खं लॉक बदलावं लागेल, ते आता कुठे बनत नाही, भंगारात शोधावं लागेल. सोमवारी बघू.

"शनिवार सोमवारच्या आधी येतो, मिस्त्री."

"वहिनी, लॉक म्हणजे काही सूप नव्हे, चुलीवर ठेवलं की झालं."

मिलुंका घरात गेली. पक्कड, पेचकस आणि वाडग्यात पेट्रोल घेऊन बाहेर आली. तिने तार कापली. दार उघडलं. दुखरा पाय लांब करून ती स्टुलावर बसली आणि दाराचं आतलं आवरण काढायला लागली. द्राक्षांच्या वेलीखाली बसलेले दोघं आधी हसले, मग एकेक सल्ला देऊ लागले.

"मोडलं म्हणजे?" रादोयको म्हणाला.

"मोडलेलंच आहे."

तीन स्क्रू काढल्यावर लॉक हातात आलं. आतलं ग्रीस सुकून डिंकासारखं झालं होतं, आणि लॉकच्या जिभेला पुन्हा जागेवर रेटणारी बोटभर स्प्रिंग तुटली होती. एवढंच. डोळ्यांआधी बोटांना कळलं. बिस्किटांच्या डब्यात कारखान्यातल्या स्प्रिंगा होत्या, त्यातल्या तिसरीचं टोक पकडीने वाकवल्यावर ती बसली. पेट्रोलने धुऊन, तेल देऊन तिने लॉक परत चढवलं. पेचकसाने जीभ दाबून पाहिली, खट्‌कन अडकली.

तिचे डोळे भरून आले, पण आनंदाने नव्हे. पाऊण तास लागला होता. अकरा वर्षांचं सरपटणं पाऊण तासाच्या कामापायी.

झिवोताने येऊन दार ओढून पाहिलं. बसलंय खरं, म्हणाला. रादोयको म्हणाला, मी म्हणतच होतो, स्प्रिंग असणार. मिलुंकाने पक्कड पुसली आणि ती आत गेली.

शनिवारी कबरस्तानाच्या फाटकाशी ती आपल्या दाराने उतरली. मावसबहीण स्ताना बघतच राहिली. या बाजूने कशी गं उतरलीस, म्हणाली.

"केलं आम्ही दुरुस्त," रादोयको म्हणाला.

मिलुंकाने पितरांसाठी उकडलेल्या गव्हांचं ताट आईच्या कबरेवर ठेवलं आणि मग वळली. "आम्ही नाही. मी केलं. हा वेलीखाली पीत बसला होता."

आजूबाजूच्या बायका आपापल्या मेणबत्त्यांकडे बघू लागल्या. रादोयको हळूच म्हणाला, लोकांसमोर कशाला?

"लोकांसमोरच सरपटत होते ना मी?"

पाद्र्याला दोन्ही चिठ्ठ्या तिने स्वतःच्या हाताने दिल्या. कबरेवर वाइन ओतली, आईजवळ बराच वेळ उभी राहिली. राग काही गेला नाही.

निघताना रादोयको लगबगीने पुढे झाला आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं. तिने त्याचा हात बाजूला केला. बसली, ताठ पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. राग आला की घरातली सगळी दारं आपटायची तिला सवय होती, पण या दाराला अकरा वर्षं तार होती.

तिने ते जीव खाऊन आपटलं. काच थरथरली. लॉक बसलं. रादोयको बाहेर किल्ली धरून उभाच होता.