दूर सारलेली वाटी

परवा जेवताना माझ्या नऊ वर्षांच्या मुक्ताने वरणाची वाटी दूर सारली आणि मी हातातला घास ठेवून तिचं कपाळ चाचपलं. एरवी मी रागावले असते.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, वीणाचं, बाळ जन्मानंतर तिसऱ्याच दिवशी निपचित पडलं. रक्तात अमोनिया साठला होता. ते वाचलं, पण अजून दवाखान्यातच आहे.

डॉक्टरांनी वीणाला विचारलं, "तुम्हाला डाळी, अंडी पहिल्यापासून नकोशी वाटतात का?"

ती रडायलाच लागली.

"प्रथिनांतून तयार होणारा अमोनिया शरीराबाहेर टाकायला मदत करणारं एक जनुक बिघडलंय. ते तुमच्याकडून आलं. बाईकडे त्याची दुसरी प्रत असते, ती बहुधा निभावून नेते. मुलग्याकडे एकच असते."

वीणाला आम्ही जन्मभर नखरेल म्हणत आलो. तिच्या शरीराला जे कळत होतं, ते आम्हाला खोड वाटलं. आमची आईही वरण खात नसे.

काल माझं आणि मुक्ताचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट अजून यायचाय. अमोनिया वाढला तर डोकं दुखू शकतं, असं डॉक्टर म्हणाले होते; तोवर मी तिला सारखी विचारते, "डोकं दुखतंय का गं?"

आज ती म्हणाली, "आई, तू विचारलंस की दुखतं."