आपल्या श्वासाबरोबर

टायरच्या दुकानात नव्या रबराचा वास आला, की आटपाडीहून मिरजेला जाणारा भर उन्हातला तो रस्ता आठवतो. वडिलांना फिट यायच्या आणि वयामुळे विसरही पडायचा. फिटची गोळी घेतल्याचं विसरून त्या दिवशी ते पुन्हा पुन्हा घेत राहिले आणि दुपारी हलवूनही उठेनात. अंग गार पडलेलं, श्वास अगदी मंद. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरीणबाई त्यांच्या तोंडावर मास्क धरून रबरी पिशवी दाबत होत्या. "यावर काय औषध न्हाई व्हय?" आईनं विचारलं. "याला उतारा नाही, मावशी. गोळ्यांचा अंमल उतरेपर्यंत श्वास चालू ठेवायचा." हात भरून आल्यावर बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली. "घाई नको. आपल्या श्वासाबरोबर दाबा." भीतीनं मलाच धाप लागली होती, आधी ती आवरावी लागली. मिरजेत त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं. काही दिवसांनी नळी निघाली, तसे ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "शेरडास्नी पाणी दावलं का रं?" तोवर कोरड्या डोळ्यांनी बसलेली आई तेव्हा हमसून रडली. आता त्यांना गोळी मीच देतो आणि गिळेपर्यंत समोर बसतो. ते चिडतात, मोठ्यानं ओरडतात. मला ते ओरडणं ऐकत राहावंसं वाटतं.