काकांचं ॲव्हरेज

पेट्रोल महागल्यापासून आमच्या इंदिरानगरच्या इमारतीतले तळमजल्यावरचे काका बाइक क्वचितच काढतात. ॲव्हरेज काढायला टाकी काठोकाठ भरायची, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे किलोमीटर मोजायचे, मध्ये थेंबाचीही ढवळाढवळ नको. मी मनातल्या मनात हसायचो, याची आता लाज वाटते.

परवा लेकीच्या पेपरच्या सकाळी माझी स्कूटर खाली दारातच कोरडी पडली. काकांनी न विचारता आपल्या बाइकची नळी काढून बाटली भरली.

“काका, तुमचं ॲव्हरेज बिघडेल.”

“बिघडू दे. तुझ्या गाडीला काटा आहे ना रे? बघत जा अधूनमधून.”

लेक वेळेवर पोचली. संध्याकाळी मी पेट्रोल परत द्यायला गेलो, तर काकांनी टाकीवर हात ठेवला.

“आता नको. उद्या फुल करून पहिल्यापासून मोजतो.”

काका चक्क खुशीत होते.